डोंगर कुणाचा? ग्वायासामीनची चित्रं आणि अँडीजच्या उतारावरची माणसं

आधी एक छोटं काम करा. मोबाईलवर 'ग्वायासामीन' आणि 'क्वितो' हे दोन शब्द एकत्र टाकून चित्रं शोधा. इक्वेडोर या देशाची राजधानी असलेलं क्वितो शहर तुम्हाला वेगवेगळ्या रंगांत दिसेल. एका चित्रात सगळं लाल, एकात काळं, एकात निळं. घरं म्हणजे दाटीवाटीने मांडलेले लहान लहान तुकडे, आणि त्यांच्यावर एक अवजड डोंगर. शहर तेच, डोंगर तोच, चित्रकारही एकच.

मी भूशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या थरांवर पीएच.डी. करतोय. तुम्ही विचाराल, मग हा चित्रांच्या भानगडीत कशाला पडला? कारण आमच्या क्षेत्रात जुनी चित्रं हा पुरावा असतो. कॅमेरा नव्हता त्या काळात एखाद्या शिखरावर बर्फ कुठपर्यंत होता, विवराचा आकार कसा होता, हे कळायला प्रवाशांची रेखाटनं आणि तैलचित्रं उपयोगी पडतात. त्यामुळे डोंगराचं चित्र समोर आलं की पहिला प्रश्न मनात येतो: हे कशाचा पुरावा म्हणून वापरता येईल?

ओस्वाल्दो ग्वायासामीनच्या चित्रांना हा प्रश्न विचारला तर सरळ उत्तर मिळतं की डोंगराचा पुरावा म्हणून ती निरुपयोगी आहेत. उतार मोजता येत नाही, कडा ओळखता येत नाही, रंगावर तर विश्वासच ठेवता येत नाही. तरीही अँडीजमधल्या जमिनीबद्दल वाचताना मी पुन्हा पुन्हा त्याच्याकडे येतो. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी डोंगर समजून घेऊ

क्वितो साधारण 2850 मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपटीहून जास्त उंचीवर अख्खी राजधानी वसलेली आहे. शहराच्या पश्चिमेला पिचिंचा नावाचा ज्वालामुखी आहे. त्याची दोन मुख्य शिखरं: रुकू पिचिंचा आणि ग्वाग्वा पिचिंचा. किचवा ही तिथल्या डोंगराळ भागातल्या मूळनिवासींची भाषा. त्या भाषेत रुकू म्हणजे म्हातारा आणि ग्वाग्वा म्हणजे तान्हं बाळ.

आता गंमत बघा. म्हातारा खरोखरच म्हातारा आहे, तो कधीचाच विझला. बाळ मात्र जागं आहे. 4784 मीटर उंचीचं ग्वाग्वा म्हाताऱ्याच्या मागे लपलेलं आहे, त्यामुळे शहरातून मान वर केली की दिसतो तो मुख्यतः रुकू. 1660 मध्ये ग्वाग्वाचा मोठा उद्रेक झाला आणि शहरावर राखेचा पाऊस पडला. नशिबाने त्याचं विवर पश्चिमेच्या बाजूला फुटलेलं आहे, त्यामुळे सगळ्यात घातक लोट शहराच्या उलट दिशेला वाहतात. क्वितोच्या वाट्याला येते ती राख.

या भागातले ज्वालामुखी का आहेत, हे थोडक्यात सांगतो. पॅसिफिकच्या तळाची नाझ्का प्लेट दक्षिण अमेरिकेच्या खाली सरकते. खाली जाताना तिच्यातलं पाणी बाहेर पडतं, त्यामुळे वरच्या खडकाचा वितळबिंदू खाली येतो आणि मॅग्मा तयार होतो. इक्वेडोरमध्ये या प्रक्रियेतून ज्वालामुखींच्या दोन जवळजवळ समांतर रांगा उभ्या राहिल्या आणि मधे एक लांबट खोरं राहिलं. माणसं त्या खोऱ्यात वसली. हे 'मधलं खोरं' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ज्यांनी डोंगर 'बरोबर' काढला

अँडीजचे डोंगर जगाला दाखवण्याचं मोठं श्रेय अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाला जातं. 1802 मध्ये तो क्वितोला होता. पिचिंचा चढला आणि त्याच वर्षी जूनमध्ये चिंबोराझोवरही बराच वर गेला. चिंबोराझोचा उभा छेद काढून कुठल्या उंचीवर कोणती वनस्पती सापडते हे एकाच चित्रात मांडणारी त्याची आकृती 1807 मध्ये प्रसिद्ध झाली. आजही भूगोलाच्या पुस्तकात उंचीनुसार बदलणाऱ्या वनस्पतींची आकृती दिसते, तिचं मूळ इथे आहे.

हम्बोल्टचं वाचून फ्रेडरिक चर्च हा अमेरिकन चित्रकार 1853 आणि 1857 मध्ये इक्वेडोरला गेला. त्याचं 'हार्ट ऑफ द अँडीज' हे 1859 चं चित्र तीन मीटर रुंद आहे आणि त्यातली पानं-फुलं वनस्पतीशास्त्राच्या विद्यार्थ्याने बघत बसावीत अशी आहेत. 1862 मध्ये त्याने कोतोपाक्सीचा उद्रेक रंगवला. पुढे 1870 च्या दशकात विल्हेल्म राइस आणि आल्फोन्स श्ट्युबेल हे दोन जर्मन भूशास्त्रज्ञ इक्वेडोरच्या ज्वालामुखींचा अभ्यास करत होते. श्ट्युबेलने राफाएल त्रोया या तरुण इक्वेडोरी चित्रकाराला सोबत घेतलं. त्रोयाचं काम होतं शास्त्रज्ञ सांगतील ते शिखर अचूक रंगवणं. माझ्यासारख्याला हवा तो पुरावा तो हाच.

या सगळ्या चित्रांत माणूस कुठे आहे? बहुतेक वेळा खाली कोपऱ्यात. एखादी वाट, एखादा क्रूस, दोन-चार ठिपक्याएवढी माणसं. डोंगर किती प्रचंड आहे हे कळावं म्हणून. आम्ही खडकाचा फोटो काढताना शेजारी हातोडा किंवा पेन ठेवतो, तसं. अचूक चित्रातला मूळनिवासी माणूस हा मोजपट्टी होता.

उतारावर कोण राहत होतं?

आता त्या मधल्या खोऱ्यात उतरू. वसाहतकाळापासून खोऱ्यातली सपाट, पाण्याखाली येणारी चांगली जमीन मोठमोठ्या जमीनदारांकडे होती. या जहागिरींना हासिएन्दा म्हणत. राबायला होती किचवा कुटुंबं, आणि त्यांना बांधून ठेवणारी पद्धत होती वासिपुंगो. किचवात वासी म्हणजे घर आणि पुंगो म्हणजे दार. जमीनदार कुटुंबाला झोपडीपुरती आणि थोड्या मक्या-बटाट्यापुरती जमीन वापरायला देई. बदल्यात घरातल्या पुरुषाने आठवड्याचे चार-पाच दिवस मालकाच्या शेतात राबायचं. बायकामुलांनाही घरकाम, गुरं राखणं सुटायचं नाही. मजुरी नाममात्र, आणि ती उचल फेडण्यातच जायची. बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर. आपल्याकडचा वेठबिगार शब्द इथे अगदी फिट बसतो.

ही दारापुढची जमीन असायची कुठे? बहुतेक वेळा उतारावर. इथे माझा विषय येतो. इक्वेडोरच्या उत्तर आणि मध्य डोंगराळ भागात ज्वालामुखीच्या राखेचे जाड थर आहेत. ही राख काळानुसार घट्ट होत जाते आणि मातीखाली कडक, पिवळट-तपकिरी थर तयार होतो. वरची काळी माती आहे तोवर ठीक. पण तीव्र उतारावर दर वर्षी नांगर फिरला की पाऊस ती माती खाली नेतो आणि हा थर उघडा पडतो. त्यात पाणी मुरत नाही, मूळ शिरत नाही, पहारीने फोडावा लागतो. किचवातून आलेलं त्याचं नाव स्पॅनिशमध्ये 'कांगावा' असं उच्चारलं जातं.

हो, मीही पहिल्यांदा वाचून हसलो होतो. आपल्या मराठीत कांगावा म्हणजे काहीही झालेलं नसताना केलेली बोंबाबोंब. तिथे कांगावा म्हणजे अशी जमीन, जिच्यावर राबणाऱ्याला बोंब मारायलाही जागा नव्हती. वासिपुंगो पद्धत कायद्याने गेली ती 1964 च्या जमीन सुधारणेत. कुटुंबांच्या नावावर तुकडे झाले, पण अनेकांना मिळाले ते हेच उतारावरचे, धूप झालेले तुकडे. आणि लिहिता-वाचता न येणाऱ्याला मतदानाचा हक्क 1979 च्या राज्यघटनेपर्यंत नव्हता. शाळाच पोचली नाही तिथल्या माणसासाठी याचा अर्थ सरळ होता: तू राबायचंस, मत द्यायचं नाहीस.

ग्वायासामीन

ओस्वाल्दो ग्वायासामीनचा जन्म 6 जुलै 1919 चा, क्वितोतलाच. दहा भावंडांत थोरला. वडील किचवा, सुतारकाम करणारे आणि पुढे गाडी चालवणारे. आई मेस्तिसो, म्हणजे मिश्र वंशाची. म्हणजे तो हासिएन्दावर राबलेला नव्हता, शहरातल्या गरीब घरातला होता. हे महत्त्वाचं आहे, कारण पुढे त्याच्यावर झालेल्या टीकेत हा मुद्दा येतो.

1932 च्या ऑगस्टअखेरीस क्वितोत चार दिवस रस्त्यावर लढाई झाली. सत्तेच्या भांडणात सैन्याचे गट एकमेकांवर तुटून पडले. त्यात ग्वायासामीनचा एक जवळचा मित्र मारला गेला. तो स्वतः तेव्हा तेरा वर्षांचा. पुढे त्याने 'मेलेली मुलं' नावाचं चित्र केलं ते या आठवणीतून. एकावर एक टाकलेले देह, आणि तेही डोंगरउतारासारखे एकमेकांवर ओळंगलेले.

1940 च्या दशकात तीन गोष्टी झाल्या. नेल्सन रॉकफेलरने त्याची चित्रं विकत घेतली आणि अमेरिकेची दारं उघडली. मेक्सिकोत होसे क्लेमेंते ओरोस्को या मोठ्या भित्तिचित्रकाराजवळ त्याला शिकायला मिळालं. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: पेरू, बोलिव्हिया, चिली, अर्जेंटिना असा तो अँडीजच्या देशांतून फिरला. वह्याच्या वह्या रेखाटनं झाली. त्यातून 103 चित्रांची 'वाकायन्यान' ही मालिका उभी राहिली आणि 1952 मध्ये क्वितोत तिचं प्रदर्शन झालं. वाकायन्यान हे किचवा नाव. अर्थ, रडण्याची वाट. न्यान म्हणजे वाट, इंका साम्राज्याच्या प्रसिद्ध राजमार्गाच्या नावातही हाच शब्द आहे. एका वाटेवरून साम्राज्य चाललं, दुसरीवरून त्याच लोकांची रड.

आता या चित्रांत चर्च किंवा त्रोयाच्या मानाने काय बदललं ते बघा. मोजपट्टी असलेला माणूस कोपऱ्यातून उठून मध्ये आला आणि त्याने सगळी चौकट व्यापली. चेहऱ्याची हाडं कड्यासारखी, गालांचे खळगे दरीसारखे, बोटं मुळांसारखी. पुढे 1960 च्या दशकापासून केलेल्या 'क्रोधाचं युग' या मालिकेत तर कित्येकदा नुसते हात आहेत. पिवळट, राखाडी, सुकलेले हात. मला त्या रंगात उघडा पडलेला कांगावा थर दिसतो. हे माझं वाचन आहे, चित्रकाराने असं म्हटल्याचा दावा नाही. पण जमीन आणि ती फोडणारे हात वर्षानुवर्षं एकत्र झिजत असतील तर दोघांचा रंग एक व्हावा, यात मला तरी काही ओढूनताणून वाटत नाही.

आणि क्वितोची ती चित्रं? तिथे उलटा प्रकार आहे. चेहऱ्यात डोंगर आणला तसा डोंगरात त्याने चेहऱ्याचा भाव आणला. हम्बोल्टच्या परंपरेत डोंगराचा रंग म्हणजे निरीक्षण: बर्फ पांढरा, गवताळ पारामो पिवळट-हिरवा, खडक करडा. ग्वायासामीनचा पिचिंचा एकदा रागाने लाल होतो आणि एकदा काळाठिक्कर पडतो. ज्या शहरावर एक झोपलेला आणि एक जागा असे दोन ज्वालामुखी टेकलेले आहेत, तिथल्या माणसाला डोंगर असा दिसतो. वस्तू म्हणून दिसत नाही, शेजारी म्हणून दिसतो. आणि शेजाऱ्याचा मूड रोज सारखा नसतो.

मग सगळं छानच का?

नाही. त्याच्यावरचे आक्षेप गंभीर होते आणि ते लपवून हा लेख पूर्ण होणार नाही.

पहिला आक्षेप कलेतल्या लोकांचा. मूळनिवासींचं दुःख रंगवणाऱ्या या प्रवाहाला इंडिहेनिस्मो म्हणतात, आणि तो ग्वायासामीनच्याही आधी सुरू झाला होता. कामिलो एगास त्यातला आधीचा, तर एदुआर्दो किंगमनचं राक्षसी ओझं वाहणाऱ्या माणसांचं 'लोस ग्वान्दोस' हे चित्र 1941 चं. 1960 च्या दशकापर्यंत हा प्रवाह जवळजवळ सरकारी शैली झाला. मार्ता त्राबा या प्रभावी समीक्षिकेने ग्वायासामीनवर कडक टीका केली. 1968 मध्ये एन्रिके ताबारा, आनिबाल वियासिस वगैरे चित्रकारांनी 'वान' नावाचा गट काढला. त्यांचं म्हणणं, मूळ वारसा हवा असेल तर प्राचीन नक्षी, चिन्हं, पोत यांतून नवं काही करा, त्याच रडक्या चेहऱ्यांची पुनरावृत्ती पुरे. मराठी अर्थाने, हा कांगावा बंद करा.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. या चित्रांतला किचवा माणूस सोसतो, रडतो, ओंजळ पसरतो. तो सभा घेत नाही, खटला भरत नाही, शाळा काढत नाही. प्रत्यक्षात हे सगळं चालू होतं. दोलोरेस काकुआंगो ही कायाम्बे भागातली किचवा नेता, स्वतः हासिएन्दावर जन्मलेली. 1944 मध्ये मूळनिवासींच्या महासंघाच्या स्थापनेत ती पुढे होती, आणि त्यानंतर लगेच किचवा मुलांसाठी त्यांच्याच भाषेत शाळा सुरू करण्यात. म्हणजे ग्वायासामीन अश्रूंची वाट रंगवत होता त्याच वर्षांत काही माणसं दुसरी वाट पाडत होती.

त्यात तो स्वतः यशस्वी, श्रीमंत, फिडेल कॅस्ट्रोपासून फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांच्यापर्यंत अनेकांची व्यक्तिचित्रं करणारा. लोकांना हे खटकणारच. दुसऱ्या बाजूने हेही नोंदवायला हवं की 1976 मध्ये त्याने प्रतिष्ठान काढून आपली चित्रं आणि जमवलेला प्राचीन कलासंग्रह देशाला दिला. आणि 1988 मध्ये इक्वेडोरच्या संसदेत केलेल्या 23 फलकांच्या भित्तिचित्रात एका कवटीसारख्या चेहऱ्यावर हेल्मेट रंगवून त्यावर सीआयए ही अक्षरं लिहिली. अमेरिकेने नाराजी दाखवली, चित्र तसंच राहिलं. सत्तेच्या घरात जेवायचं आणि तिथल्याच भिंतीवर असं लिहायचं, अशा विसंगतीतच तो जगला.

डोंगरातल्यांनी काढलेला डोंगर

1970 च्या दशकात, क्वितोच्या दक्षिणेला कोतोपाक्सी प्रांतातल्या तिग्वा या उंचावरच्या भागात एक वेगळी गोष्ट सुरू झाली. तिथली किचवा माणसं सणासाठी ढोल रंगवत. हुलियो तोआकिसा या शेतकऱ्याचा असा ढोल ओल्गा फिश या हंगेरीत जन्मलेल्या, क्वितोत स्थायिक झालेल्या कलासंग्राहक बाईच्या नजरेत आला. हे चामडं चौकटीवर ताणून त्यावर चित्र काढ, असं तिने सुचवलं. मेंढीच्या कातड्यावरची तिग्वा चित्रं अशी जन्माला आली. आज तिथल्या अनेक कुटुंबांचा हा व्यवसाय आहे.

या चित्रांत रंग लख्ख आहेत. पेरणी चालली आहे, लग्न आहे, जत्रा आहे, लामा चरताहेत, गिधाडांचा राजा काँडोर उडतोय. दुःख नाही असं नाही. हासिएन्दाचा मुकादम आणि त्याचा चाबूकही कुठे कुठे दिसतो. पण माणसं मोजपट्टी नाहीत आणि नुसती रडकीही नाहीत. ती काहीतरी करताहेत. आणि मागे कोतोपाक्सी असतो. काही चित्रांत त्याला चक्क डोळे-तोंड असतं.

जून 1990 मध्ये हीच डोंगरातली माणसं हजारोंच्या संख्येने रस्त्यावर आली. महामार्ग अडवले, जमिनीच्या रखडलेल्या दाव्यांचा निकाल मागितला, आपल्या भाषांना मान मागितला. देशाच्या राजकारणात त्यानंतर त्यांना टाळणं कुणालाच शक्य झालं नाही. ग्वायासामीन तेव्हा सत्तरीचा होता.

तो 10 मार्च 1999 ला बाल्टिमोरमध्ये गेला. त्याच्या अस्थी क्वितोतल्या त्याच्या घराच्या आवारात, एका झाडाखाली मातीच्या भांड्यात पुरल्या आहेत. सात महिन्यांनी, ऑक्टोबर 1999 मध्ये, ग्वाग्वा पिचिंचा जागा झाला. शहरामागे राखेचा मशरूमसारखा ढग उठला, रस्ते-गच्च्या करड्या झाल्या, विमानतळ बंद करावा लागला. त्या दिवसांतले फोटो आणि राखेच्या जाडीच्या नोंदी मला कामासाठी लागतात.

आता सुरुवातीचा प्रश्न: ग्वायासामीनचं चित्र कशाचा पुरावा? माझं उत्तर असं. हम्बोल्ट आणि त्रोयाकडून डोंगर कसा होता हे कळतं. ग्वायासामीनकडून कळतं की त्या डोंगराच्या उतारावर माणसाला ढकलल्यावर त्याच्या शरीराचं काय झालं, निदान शहरातल्या एका संवेदनशील पोराला ते कसं दिसलं. आणि तिग्वाच्या कातड्यांवरून कळतं की उतारावरचा माणूस स्वतःला कसा बघतो. तिन्ही पुरावे वेगळे, आणि एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. मातीची धूप किती झाली हे मी मोजू शकतो. ती त्याच उतारावर का झाली, सपाटीवर का नाही, याचं उत्तर राखेच्या नमुन्यात मिळत नाही. ते जमिनीच्या कागदपत्रांत मिळतं, आणि कधी कधी चित्रांत.

तिग्वाचीही चित्रं शोधून बघा. त्यातला कोतोपाक्सी आणि चर्चचा 1862 चा कोतोपाक्सी शेजारी शेजारी ठेवा, आणि दोन्हींत माणसं किती मोठी आहेत ते मोजा. काय दिसलं ते खाली नक्की लिहा.